उत्तरेकडची भिंत

काच तडकली होती.

सकाळचे साडेसात झाले असतील. मी शाळेच्या उत्तरेकडच्या भिंतीशी स्टुलावर उभा होतो. मागे वसमतकर गुरुजी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते.

"मिस्त्री, काय दिसतंय?"

"तुटली, गुरुजी. मधोमध."

"पोरांनी चेंडू मारला असेल."

"चेंडूनं फुटली असती तर तुकडे खाली पडले असते. ही ओढून तुटलीय."

ती काचेची पट्टी मीच चार महिन्यांपूर्वी भेगेवर आडवी बसवली होती, दोन्ही टोकं सिमेंटात पक्की करून. भिंत जागची हलली नाही तर काच जशीच्या तशी राहते. भिंत सरकू लागली की माणसाच्या डोळ्याला दिसायच्या आधी काचेला कळतं. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या ओव्हरसिअरनं शिकवली होती. मला अक्षर येत नव्हतं, पण काच वाचता येत होती.

भेग खाली सुताएवढी होती. वर, जिथं पत्र्यांचा भार पेलणाऱ्या लोखंडी कैच्या भिंतीवर टेकल्या होत्या तिथं, माझं बोट आत जात होतं. भिंत बाहेरच्या बाजूला कलत होती. ती गेली असती तर कैच्या आणि पत्रे आत आले असते. शाळेला दोनच खोल्या. एकीचे पत्रे वावटळीत उडून दोन वर्षं झाली होती, म्हणून पहिली ते चौथी एकाच खोलीत बसायची. एकेचाळीस पोरं. त्यात माझी पद्मिण. ती चौथीत होती, पण बुटकी म्हणून भिंतीकडच्या रांगेत पुढं बसायची.

"पोरांना आत बसवू नका," मी स्टुलावरून उतरत म्हणालो.

"बाहेर बसवलं तर तपासणीला आलेला साहेब शाळा बंद होती असं लिहितो. मागच्या वर्षी लिहिलं होतं." गुरुजींनी चष्मा पुसला. "अकरा अर्ज केलेत मी. पंचायत समिती, जिल्हा परिषद, सगळीकडे. एकच उत्तर येतं, तरतूद नाही. आज गुरुवार आहे, मिस्त्री. शनिवारी मंत्री येतायत. दोन दिवस काढू."

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. आमचा तालुका तिथून लांब, त्यामुळे नुकसानीच्या यादीत आमच्या गावाचं नाव नव्हतं. पण त्या पहाटेचा हादरा आम्हालाही बसला होता. अजूनही निम्मं गाव अंगणात झोपायचं. घरातलं भांडं पडलं तरी माणसं बाहेर पळायची.

मंत्री शाळेसाठी येत नव्हते. ओढ्यापलीकडे आमच्या गायरानावर नवा जिल्हा तुरुंग उभा राहत होता. त्याची बाहेरची भिंत पुरी झाली होती आणि पहिल्या बराकीचं उद्घाटन शनिवारी होतं. त्या भिंतीचा मुख्य गवंडी मीच होतो. अठरा फूट उंची, खाली दगडी पाया, वर काँक्रीटचा पट्टा. आयुष्यात इतकं चांगलं सिमेंट मी कधी हाताळलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी तुरुंगावरच्या इंजिनिअरसाहेबांना विचारलं. कुलथे नावाचा तरुण माणूस होता, मनमोकळा.

"साहेब, ह्या भिंतीला पैसा आहे. ओढ्यापलीकडच्या शाळेच्या भिंतीला का नाही?"

"ते खातं वेगळं, हे खातं वेगळं."

"सरकार एकच ना?"

"सरकार एकच. खिसे वेगळे." तो हसला, मग थोडा थांबून म्हणाला, "जुन्या तुरुंगात माणसं कोंबलीत, मिस्त्री. कोर्टानं सरकारला झापलंय. कैदी जास्त झाले तर कोर्ट विचारतं. पोरं पडक्या खोलीत बसली तर कोण विचारणार? तुम्ही?"

त्या वेळी मला ती चेष्टा वाटली.

संध्याकाळी सरपंच रंगनाथअण्णा घरी आले. वाईट माणूस नव्हता. गावात नळ आणला तो त्यांनीच.

"तिमा, जाताना मंत्र्याला धा मिनिटं शाळेत थांबवलंय मी. लई हातापाया पडून. पोरं स्वागतगीत म्हणतील, तुझी पद्मी ओवाळंल, आन मी दोन खोल्यांचा अर्ज हातात दीन. उद्या सगळ्या भेगा बुजव. पांढरं फटक झालं पायजे. चुना आन सिमेंट कुलथेसाहेब द्यायलेत."

"अण्णा, काच तुटलीय. भिंत सरकाय लागली. भेग तशीच दिसू द्या ना त्यास्नी."

"येड्यावानी बोलू नको. पाहुणा घरी आल्यावर त्याला फाटकं धोतर दावतो का आपण? गावाची काही इज्जत हाय का न्हाई?"

"पण मागायचंय ना आपल्याला?"

"मागायचं असलं तरी नीटनेटकं होऊन मागावं."

माझी बायको लिंबाबाई चुलीपाशी होती. अण्णा गेल्यावर ती म्हणाली, "अवं, गाव म्हणतंय तर करा. तुमच्या एकट्याच्या काचंवर कोण इश्वास ठिवणार?"

शुक्रवारी मी भेग बुजवली. खोटं कशाला सांगू, मन लावून बुजवली. आत खडी ठासली, वरून सिमेंट, त्यावर चुन्याचे दोन हात. काचेचे तुकडे काढून खिशात टाकले. बायकांनी ओटा सारवला, पोरांनी पताका लावल्या. कुणीतरी कोटातल्या पुढाऱ्याची तसबीर आणली. दुपारपर्यंत शाळा लग्नघरासारखी दिसू लागली. गुरुजींनी भिंतीवरून हात फिरवला. भेग कुठं होती ते त्यांनाही सापडेना.

"कुठं होती हो, मिस्त्री?"

"तुमच्या तळहाताखाली," मी म्हणालो.

त्यांनी हात झटकन काढला.

शनिवारी पोरांना दहा वाजता आत बसवलं. मंत्र्यांची वेळ अकराची होती. बारा वाजले, साडेबारा वाजले. बाहेर ताशेवाले मधूनच वाजवून हात मोकळे करत होते. पोलीस, पुढारी, गावकरी सगळे दाराशी गोळा झालेले. मी दाराच्या आतल्या बाजूला उभा होतो आणि माझी नजर भिंतीवरून हलत नव्हती.

एकच्या सुमाराला मला ती दिसली. कोऱ्या चुन्यावर केसासारखी बारीक रेघ, वरून निघून खिडकीच्या कोपऱ्याकडे आलेली. सकाळी ती नव्हती. मी जवळ जाऊन बघितलं. रेघेच्या कडेचा चुना नखाएवढा उचलला होता.

मी बाहेर जाऊन अण्णांचं कोपर धरलं. "अण्णा, पोरं बाहेर काढा. भेग परत उघडली."

"गाड्या पुलावर आल्यात, तिमा. गप ऱ्हा."

"अण्णा, पाया पडतो."

"धा मिनिटं! धा मिनिटात काय आभाळ कोसळतंय?"

मी गुरुजींकडे गेलो. त्यांनी रेघ आधीच पाहिली होती. ते त्या भिंतीला पाठ लावून उभे होते, जणू तिला धरून ठेवणार होते.

"गुरुजी?"

"मी काय करू, मिस्त्री?" ते पुटपुटले. "शिक्षणाधिकारी स्वतः आलेत. माझी नोकरीची तीन वर्षं राहिलीत."

ताशे कडाडले. पाच-सहा गाड्या शाळेच्या अंगणात शिरल्या आणि पायाखालची फरशी थरथरली. मंत्री आत आले. धिप्पाड, हसतमुख माणूस. मागे एवढी माणसं घुसली की दार दिसेनासं झालं.

मंत्र्यांनी खोलीवर नजर फिरवली. पताका, तसबीर, पांढऱ्या भिंती, नवे कपडे घातलेली पोरं.

"वा! शाळा असावी तर अशी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी अर्ज पुढं केला. मंत्र्यांनी तो वाचला आणि मोठ्यानं हसले.

"रंगनाथराव, ह्याला धोकादायक म्हणता? माझ्या गावची शाळा बघायला या एकदा!" अर्ज त्यांनी शेजारच्या साहेबाकडे दिला. "असा निधी खऱ्या गरजू गावाला द्यायचा असतो. तुमच्या गावाला आम्ही एवढा मोठा तुरुंग दिला की. मराठवाड्यात असं पक्कं बांधकाम नाही."

परत टाळ्या पडल्या. अण्णांचे हात टाळीसाठी वर गेले आणि तसेच थांबले. त्या क्षणी त्यांना काय झालं ते कळलं. मंत्री खुर्चीवर बसले. गुरुजींनी पेटीचा सूर धरला. पोरांनी गाणं सुरू केलं.

माझ्या डोळ्यांसमोर त्या रेघेतून चिमूटभर माती घरंगळली. मग आणखी थोडी. पद्मिण भिंतीपासून हातभर अंतरावर, ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती.

"पद्मे," मी हळू हाक मारली. "बाहेर ये."

तिनं मान हलवली. तिची ओवाळायची पाळी पुढच्या कडव्यानंतर होती. गुरुवारपासून तिनं ह्याच गोष्टीचा घोष लावला होता.

मी दोन पावलं टाकली असती तर तिला उचलून नेता आलं असतं. मी पाऊल उचललंही. पण मग तिच्या शेजारच्या कोष्ट्याच्या जुळ्या पोरींनी माझ्याकडे पाहिलं. गाता गाता, नुसतं कुतूहलानं. एकीचे पुढचे दोन दात पडलेले होते.

भिंत पडणार म्हणून सांगितलं तर कुणी ऐकणार नव्हतं. दोन दिवस मी तेच सांगत होतो. त्या खोलीला ऐकू जाईल असा एकच शब्द त्या वर्षी होता. मी छातीत दम भरला आणि ओरडलो,

"भूकंप! भूकंप!"

पाणी फुटावं तशी खोली फुटली. पोरांना वर्षभर गुरुजींनी शिकवलं होतं, हाक ऐकली की दप्तर सोडायचं आणि पळायचं. ती मोठ्यांच्या पायांमधून, खिडकीतून, जशी जमेल तशी निघाली. मंत्र्यांना दोन पोलिसांनी बगलेत धरून बाहेर ओढलं. त्यांची एक चप्पल आतच राहिली. मी पद्मिणीला एका हातानं आणि गुरुजींना दुसऱ्या हातानं खेचलं. ताट कुठं पडलं, कळलं नाही.

अंगणात सगळे चिंचेखाली जमले. कुणी बसले, कुणी जमिनीला हात लावून पाहत होते. थोडा वेळ नुसता पोरांच्या रडण्याचा आवाज. मग एक म्हातारी शेजारणीला म्हणाली,

"तुला हाललं का गं?"

"न्हाई बाई. तुला?"

"मला बी न्हाई."

चिंचेचं पान हलत नव्हतं. शाळा पांढरीशुभ्र उभी होती. एकेक करून सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली.

पहिली थप्पड अण्णांनी मारली. "गावाचं वाटोळं केलंस, तिमा!" मग पोलिसांनी मला धरलं. पद्मिणीच्या झग्यावर कुंकू सांडलेलं होतं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या ओळखीचाच नव्हतो.

संध्याकाळी चौकीवर घुगे जमादारांनी एक कागद पुढं केला. अण्णा बाकावर बसले होते, माझ्याकडे न बघता.

"अंगठा दे आन जेवायला घरी जा," जमादार म्हणाले. "साहेबांनी मोठं मन केलंय."

"वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं. मी तिमाजी धोत्रे, धंदा गवंडी, लिहून देतो की, आज दारूच्या नशेत मी खोटी हूल उठवली. शाळेची इमारत मी स्वतः दुरुस्त केली असून ती सुस्थितीत आहे व मुलांना बसण्यास योग्य आहे.

मी दारूला कधी शिवलो नव्हतो. तरी म्हणालो, "दारूचं राहू द्या. खालचं काढा."

"खालचं न्हाई निघत. त्याच्यासाठीच कागद हाय. मंत्री चारचौघांत बोललेत, शाळा चांगली हाय म्हणून."

"हा कागद कुठं जाणार?"

"वर. फायलीला लागंल."

गुरुजींचे अकरा अर्ज ज्या फायलीत पडले होते, तिच्यातच हा बारावा कागद जाणार होता, माझ्या अंगठ्यासकट. मग कुणी काहीही म्हणालं असतं तरी साहेब ती फाईल उघडून म्हणाला असता, तुमचाच गवंडी सांगतोय की.

"तिमा, दे ना बाबा," अण्णा पहिल्यांदाच बोलले. "सोमवारी शाळा भरायची हाय. कशाला वाढवतोस?"

"म्हणूनच न्हाई देत, अण्णा. सोमवारी शाळा भरायची हाय."

मॅजिस्ट्रेटनं मला जिल्ह्याच्या जुन्या तुरुंगात धाडलं. जामिनाला गावातून कुणी उभं राहिलं नाही.

कुलथेसाहेब खोटं बोलले नव्हते. बराकीत माणसं इतकी होती की आम्ही सगळे एकाच कुशीवर झोपायचो. एकानं कूस बदलायची म्हटलं की सगळी रांग उठायची. पण मला झोपेचं काही नव्हतं. सकाळी घंटा झाली की मी मनात मोजायला लागायचो. आता शाळेचं कुलूप उघडलं असेल. आता प्रार्थना. आता पहिलीची पोरं आत जाऊन बसली. आता पद्मिण भिंतीशी. साडेपाच वाजेपर्यंत माझा जीव त्या खोलीत असायचा. मग सुटायचा, आणि परत सकाळ व्हायची.

दुपारी दोन ते चार तुरुंगात निरक्षर कैद्यांची शाळा भरायची. मला नाव लिहिता येतं का विचारून तिथं बसवलं. पक्की स्लॅबची खोली, भिंतीला सरळ गिलावा, कोऱ्या पाट्यांचा गठ्ठा, खडूचे डबे आणि रोज वेळेवर येणारा पगारी मास्तर. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी सरकारी शाळेत बसलो, तो तिथं. मास्तर फळ्यावर अक्षर काढायचा आणि मी छताकडे बघत बसायचो.

"धोत्रे, वर काय आहे?"

"काही नाही, साहेब," मी म्हणायचो. "चांगलं आहे."

अकराव्या दिवशी लिंबाबाई भेटीला आली. दोन जाळ्यांच्या मधे हात-दीड हात जागा, इकडं पंधरा कैदी, तिकडं पंधरा घरं, सगळे एकदम ओरडत होते. तिचे ओठ हलले.

"काय?"

"भिंत गेली!"

मी जाळीला तोंड लावलं. "पोरं?"

ती काहीतरी सांगत होती. शेजारचा कैदी आपल्या भावाला वकिलावरून शिव्या देत होता. मी त्याचं तोंड दाबलं. खरंच दाबलं, हातानं.

"पोरं कुठं होती, लिंबे?"

"चिंचंखाली! समदी चिंचंखाली!"

मी खाली बसलो. ती तिकडून वाकून सांगत राहिली, तुकड्या-तुकड्यानं. पहिले चार दिवस गुरुजींनी पोरं आतच बसवली होती. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते आमच्या दारात आले.

"म्हणले, मिस्त्रीनं अंगठा दिला का? म्हटलं, न्हाई दिला. म्हणले, का? म्हटलं, पोरं आत बसत्यात म्हणून. लई वेळ उभे राहिले, अवं. पाणी दिलं तर ते बी घेतलं न्हाई. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप घातलं आन फळा डोक्यावर घेऊन चिंचंखाली नेला. साहेबाची नोटीस बी आली त्यास्नी."

"आणि भिंत?"

"परवा. अकरा वाजता. पाढे म्हणत होती पोरं. आधी वाटलं ट्रॅक्टर आला. समदे पत्रे आत. बाकं चपटी झाली, चपटी."

"पद्मी काय म्हणते?"

लिंबाबाईनं डोळ्याला पदर लावला. "काय बी म्हणत न्हाई. तवापासनं बोललीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा फळ्याकडे बघितलं.

जामीन शेवटी अण्णांनीच दिला. एसटीत माझ्या शेजारी बसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वाटलं, तिमा, चांगलं दिसलं म्हंजे चांगलं मिळतं." त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि स्टँड येईपर्यंत काढला नाही. खटला तीन वर्षं चालला आणि मग कुणी हजरच राहीना म्हणून मिटला. गुरुजी निवृत्त होईपर्यंत रोज तासभर माझ्याकडून लिहून घ्यायचे. तुरुंगात जे अर्धवट राहिलं होतं ते त्यांनी पुरं केलं. आज हे मी स्वतःच्या हातानं लिहितोय, ते त्यांच्यामुळे.

भिंत पडली त्याच आठवड्यात तुरुंगाच्या टेहळणी मनोऱ्याला आणि दिव्यांना मंजुरी आली. शाळेबद्दल पत्र आलं की पुढच्या अंदाजपत्रकात विचार केला जाईल. कुलथेसाहेबांनी कुणाला न विचारता तुरुंगाच्या आवारातलं सिमेंटचं गोदाम रिकामं करून दिलं. "आठ दिवसांसाठी देतोय," ते म्हणाले. पोरं तिथं तीन वर्षं शिकली. दारावर शिपाई असायचा आणि तो रोज आत जाणारी पोरं मोजायचा.

मी गावात आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी गोदामात वर्ग भरायचा पहिला दिवस होता. मी ओढा ओलांडून गेलो, तर एकेचाळीस पोरं दाराबाहेर उन्हात उभी. गुरुजी आत एकटेच, खडू हातात घेऊन.

"आत या म्हणून दहादा सांगितलं," ते म्हणाले. "एकही पाऊल टाकत नाही."

पद्मिण सगळ्यात पुढं होती. तिच्या झग्यावरचं कुंकू धुऊनही फिकट राहिलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. त्या दिवसासारखं नाही.

"बा," ती म्हणाली, "तू आधी बघ."

मी आत गेलो. ते गोदाम मीच बांधलेलं होतं, त्यातली वीट न् वीट मला माहीत होती. तरी मी चारही भिंती खालपासून हात पोहोचेल तिथपर्यंत बोटांच्या सांध्यांनी ठोकून पाहिल्या. कान लावला. कोपरे पाहिले, दाराची चौकट पाहिली, खिडकीखाली वाकून पाहिलं. बराच वेळ लागला. बाहेर एक पोर हललं नाही.

मग मी दारात आलो आणि म्हणालो, "बसा."